तेहतीस डोहांचा नकाशा

कौन्सिलने मॅलकी ड्रेननला ते प्रशस्तिपत्रक दिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्याची बायको अट्रॅक्टा अजूनही म्हणते. आमच्या खोऱ्यात अट्रॅक्टाच्या विरोधात बोलायची कुणाची प्राज्ञा नाही, तेव्हा तसंच असेल असं धरून चालू.

मॅलकीच्या डोक्यातलं खूळ तसं साधं होतं. किलव्होगी गावच्या पुलापासून जुन्या पिठाच्या गिरणीपर्यंत, ओवेनडूआ नदीच्या काठाकाठाने, तीन मैलांची एक पायवाट. वाटेवर बाण रंगवलेले खांब आणि हातात एक छापील नकाशा. बस्स. बाहेरगावच्या लोकांनी यावं, नदी बघावी, पडकं चर्च बघावं, गिरणी बघावी, हॉटेलात सूप प्यावं आणि घरी जावं. वाचनालयात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं रांगेत लावलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर आपलंही काहीतरी छापून यावंसं वाटलं, तर त्यात गैर काय?

पण खरा जीव अडकला होता तो नकाशात. पूल ते गिरणी या तीन मैलांत नदीला तेहतीस वळणं आहेत, प्रत्येक वळणाखाली एक डोह आहे, आणि प्रत्येक डोहाला नाव आहे. नावं कुठे लिहिलेली नाहीत. जुन्या कोळ्यांच्या तोंडी होती, आणि ते कोळी आता चर्चमागच्या दफनभूमीत झोपलेत. मॅलकीने गावभर फिरून नऊ नावं मिळवली. त्यातल्या दोन नावांवरून दारूच्या गुत्त्यात भांडणं झाली ती वेगळीच. उरलेल्यांसाठी ज्याला विचारावं तो एकच सांगे, ‘‘डेलियाला विचार.’’

डेलिया क्विर्क म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. बाप आणि भाऊ दोघेही सॅमन माशांचे कोळी. नदीकाठचं मधलं कुरण तिचं, आणि त्या कुरणाखालीच नदी ओलांडायचे जुने पायदगड. तिच्या कुरणाशिवाय वाट नाही आणि तिच्याशिवाय नावं नाहीत. त्यातून फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. दोन आठवडे इस्पितळात होती. त्या दोन आठवड्यांत मॅलकीला धड झोप लागली नाही. ‘‘म्हातारी गेली तर नावंही गेली गं,’’ तो अट्रॅक्टाला म्हणे, ‘‘मग ती नदी आपल्याला काय म्हणून ओळखायची?’’

‘‘ती बरी व्हावी म्हणून मेणबत्ती लावून ये आधी,’’ अट्रॅक्टा म्हणाली. ‘‘नावांचं मग बघ.’’

आता ते प्रशस्तिपत्रक. जमीनमालकांची लेखी संमती मिळवण्याआधी कौन्सिलच्या दोन दिवसांच्या शिबिराला बसणं सक्तीचं होतं. शिबिर हॉटेलात, शिकवायला डब्लिनहून आलेला एक तरुण, पायात मोजे नाहीत. त्याने भिंतीवर लिहिलं: ‘नकार म्हणजे नकार.’ मालक नाही म्हणाला की पुन्हा विचारायचं नाही, गळ घालायची नाही. आभार मानायचे, फॉर्मवर ‘नकार’ लिहायचं आणि निघायचं. मॅलकीने हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. त्याने ते चौकट करून बैठकीत लावलं, अट्रॅक्टाने काढून जिन्याखाली कोटांच्या मागे लावलं.

मार्चच्या एका सकाळी तो फॉर्म घेऊन डेलियाकडे गेला.

‘‘ये रे मॅलकी. चहा घेणार ना?’’

‘‘छे छे, मिसेस क्विर्क. आत्ताच घेऊन आलोय.’’

‘‘अरे अर्धा कप.’’

‘‘नको, खरंच. तुम्ही आजारातून उठलात, कशाला त्रास?’’

‘‘त्रास कसला मेला! किटली उकळतेच आहे.’’

‘‘बरं, तुम्ही टाकताच आहात तर...’’ असं म्हणून मॅलकीने दोन कप चहा, तीन स्कोन आणि निम्मा फ्रूटकेक संपवला. इथपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. मग त्याने मिशी पुसली, फॉर्म काढला आणि शिबिरातल्या आवाजात विचारलं, ‘‘मिसेस क्विर्क, तुमच्या कुरणातून सार्वजनिक पायवाट जायला आपली संमती आहे का?’’

डेलियाचे गाल लाल झाले. ‘‘अग्गोबाई! माझ्या कुरणातून? नको रे बाबा. काय आहे तिथे बघण्यासारखं? नुसता चिखल. आणि दगडांवर हे एवढं शेवाळ. लोक काय म्हणतील!’’

मॅलकी उभा राहिला. ‘‘बरं. आपल्या वेळेबद्दल आभारी आहे,’’ तो म्हणाला, फॉर्मवर ‘नकार’ लिहिलं, तारीख घातली आणि निघाला. डेलिया हातात किटली घेऊन दारात उभी होती. फाटक लावताना त्याने वळून हातसुद्धा हलवला, म्हणजे बघा.

त्या दिवसापासून डेलियाने त्याला ‘मॅलकी’ म्हणणं सोडलं. दुकानात भेटली तर, ‘‘नमस्कार, मिस्टर ड्रेनन.’’ चर्चच्या पायऱ्यांवर भेटली तर, ‘‘हवा बरी आहे, मिस्टर ड्रेनन.’’ आता जिने तुम्हाला आखूड चड्डीत तिच्या झाडावरची सफरचंदं चोरताना पकडलंय, तिने तुम्हाला मिस्टर म्हणणं म्हणजे भर चौकात थोबाडीत मारण्यासारखंच. मॅलकीच्या फार जिव्हारी लागलं. मी सभ्यपणे विचारलं, सभ्यपणे ऐकलं, पुन्हा अवाक्षर काढलं नाही, आणि वर मलाच मिस्टर?

मोकळ्या हाताने सल्ले वाटायला गाव बसलंच होतं. शेजारचा जॉन-जो हेफर्नन, ज्याची टेकडी डेलियाच्या कुरणाला लागून आहे, त्याचं निदान पक्कं होतं. ‘‘तुझ्या आजोबांनी तिच्या बापाची बोट उसनी घेऊन बुडवली होती. तोच राग.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलत कशी होती?’’

‘‘आतल्या आत धुमसत असणार.’’

पोस्टातली बाई म्हणाली, पाद्रीबाबांना मध्ये घाला. गुत्तेवाला म्हणाला, चुकूनही घालू नका. दाढीवाल्या शाळामास्तरांनी तर एकोणिसाव्या शतकातला कसलासा कायदा काढून दाखवला, त्याप्रमाणे प्रेतयात्रेला कुणाच्याही कुरणातून जाता येतं. पण त्यासाठी प्रेत लागतं, आणि स्वेच्छेने कुणी पुढे आलं नाही. डेलियाकडे नेमकं काय बोलणं झालं ते अट्रॅक्टाला माहीत नव्हतं, कारण मॅलकीने तिला एवढंच सांगितलं होतं की, ‘‘ती नाही म्हणाली.’’ नवऱ्याच्या कारभारात आपण नाक खुपसायचं नाही असं तिने त्या वर्षी ठरवलं होतं. नेमकं त्याच वर्षी.

शेवटी जॉन-जोनेच तोडगा काढला. ‘‘माझ्या टेकडीवरून ने ना. तिच्या कुरणाला वळसा. वर चढायचं, थोडं ओलसर आहे तेवढं पार करायचं, आणि पलीकडे गिरणीजवळ उतरायचं.’’

ते ‘थोडं ओलसर’ म्हणजे गुडघाभर दलदल होती. पण मॅलकी अपमानाने इतका आंधळा झाला होता की त्याने तिथल्या तिथे फॉर्म भरला.

मग कौन्सिलचे कागद यायला लागले. नवी वाट म्हणून नवा अर्ज. नवा अर्ज म्हणून नवा विमा. विमावाल्यांनी विचारलं, ‘वाटेत पाणी आहे का? असल्यास का?’ मॅलकीने लिहिलं, ‘नदी आहे.’ त्यावर उत्तर आलं की नदीला कठडा कधी बसवणार ते कळवावं. पुढचा रकाना, ‘जनावरे असल्यास त्यांचा स्वभाव.’ जॉन-जोचे अकरा बैल. मॅलकीने प्रत्येकाकडे दहा-दहा मिनिटं बघून ‘मनमिळाऊ’ असं लिहिलं. या सगळ्यात एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. जुलैत त्याने एकट्याने चौदा खांब खणून पुरले, त्यांवर पिवळे बाण रंगवले आणि कंबर धरून चार दिवस पडून राहिला.

ऑगस्टमधल्या वारसा सप्ताहातल्या रविवारी पहिली पदयात्रा ठरली. कौन्सिलची अधिकारी फिडेल्मा कीव्हनी स्वतः चालून बघणार, आणि तिला पटलं तर वाट आणि नकाशा दोन्ही मंजूर. नकाशावर अजूनही नऊच नावं होती. चोवीस वळणं कोरी. मॅलकीने त्या कोऱ्या जागांवर बदकं काढली होती.

तेवीस माणसं जमली. त्यात सुरेख बूट घातलेली फिडेल्मा, हातात फायलींची पिशवी. दोन जर्मन, जे खरंच चालायला आले होते. बाकी सगळे गावातलेच, मॅलकीची फजिती झाली तर ती चुकू नये म्हणून आलेले. अट्रॅक्टाने शंभर सँडविचं केली होती. पहिला मैल झकास झाला. ऊन होतं. मॅलकीने एका डोहाशी थांबून सांगितलं, ‘‘याचं नाव टोपीचा डोह. सारा वसूल करणाऱ्याची टोपी इथे वाहून गेली.’’

‘‘आणि तो वसूल करणारा?’’ फिडेल्माने विचारलं.

‘‘तो पुढच्या डोहात सापडला.’’

लोक हसले. फिडेल्माने वहीत काहीतरी लिहिलं. मॅलकीची छाती दोन इंच फुगली. मग वाट डेलियाच्या कुरणाच्या दगडी गडग्यापाशी आली, आणि टेकडीकडे वळली.

आता, बैल मनमिळाऊ होते यात शंकाच नाही. इतके मनमिळाऊ की महिनाभर ते मॅलकीच्या खांबांना रोज अंग घासत होते. चौदापैकी सहा खांब फिरले होते. पहिल्या बाणाने सगळ्यांना जॉन-जोच्या शेणाच्या हौदापाशी नेलं. दुसऱ्याने परत आणलं. तिसरा बाण सरळ आकाशाकडे बघत होता, त्यावर जर्मनांनी बराच वेळ चर्चा केली. चौथा दलदलीत घेऊन गेला, आणि बरोबर तेव्हाच पाऊस सुरू झाला.

फिडेल्माचा डावा पाय पोटरीपर्यंत रुतला. चौघांनी ओढून बाहेर काढला, पण बूट आतच राहिला. बुटासाठी वाकली तर पिशवी गेली. जुना अर्ज, नवा अर्ज, विमा, नकार, संमती, सगळ्या फायली चिखलाने गिळल्या आणि वर एक बुडबुडा सोडला. जॉन-जो मोठ्या ऐटीत ट्रॅक्टर घेऊन मदतीला आला. आता तो ट्रॅक्टरही तिथेच होता.

‘‘ओलसर म्हणाला होतास ना रे?’’ मॅलकी ओरडला.

‘‘थोडं ओलसर म्हणालो होतो,’’ ट्रॅक्टरवरून उत्तर आलं.

मागे फिरायला वाट उरली नव्हती. उताराने घसरत घसरत सगळी वरात खाली आली ती डेलियाच्या कुरणाच्या वरच्या फाटकापाशी. फाटक बंद. आणि आत छत्री धरून, बाहेरचा चांगला कोट घालून, डेलिया क्विर्क उभी.

‘‘काय मिस्टर ड्रेनन,’’ ती म्हणाली. ‘‘डोंगर दाखवायला काढलंत वाटतं लोकांना?’’

मॅलकीच्या टोपीवरून पाणी नाकावर येत होतं. त्याच्या मागे तेवीस माणसं काकडत होती. सहा महिन्यांची मेहनत त्याच्या डोळ्यांसमोर वाहून चालली होती, आणि त्याला अक्षरशः रडू येत होतं. त्याने टोपी काढून हातात घेतली. ‘‘मिसेस क्विर्क, तुमच्या कुरणातून आम्ही खाली उतरलो तर चालेल का?’’

‘‘छे! नको. चिखल आहे नुसता.’’

‘‘बरं,’’ मॅलकी खचून म्हणाला. ‘‘आभारी आ...’’

अट्रॅक्टाचं कोपर त्याच्या बरगडीत घुसलं. ‘‘काय बरं? काय आभारी? मार्चमध्येसुद्धा ती हेच म्हणाली होती का?’’

‘‘हो. नकार म्हणजे नकार. मी लिहून घेतलं.’’

‘‘एकदाच विचारलंस?’’

‘‘एकदाच. नियम आहे तसा.’’

अट्रॅक्टाने डोळे मिटून सगळ्या संतांचं स्मरण केलं. ‘‘अरे गाढवा! आयुष्यात कधी पहिल्या विचारण्याला हो म्हणालायस तू? चहाला तरी? त्या बाईने लाजून कारण सांगितलं तुला. चिखल आहे म्हणे! ज्याला खरंच द्यायचं नसतं तो कारणं सांगत बसत नाही, नुसतं नाही म्हणतो. आणि तू तिच्या तोंडावर कागदावर नकार लिहून आलास? तिला काय वाटलं असेल? की तुला हवंच नव्हतं तिचं कुरण, उगाच विचारल्यासारखं केलंस!’’

 डेलियाची ती किटली, तिचं दारात उभं राहणं, सगळं मॅलकीला आता दिसायला लागलं, आणि भर पावसात त्याचे कान तापले.

‘‘विचार पुन्हा,’’ अट्रॅक्टा म्हणाली.

‘‘मिसेस क्विर्क, चिखलाचं काही नाही हो. आम्ही चिखलातूनच आलोय. जाऊ द्या ना.’’

‘‘नको बाई,’’ डेलिया म्हणाली, पण छत्री जरा वर झाली. ‘‘दगडांवर शेवाळ आहे. कुणी पडलं-झडलं तर?’’

मॅलकीने खाली नदीकडे पाहिलं. पायदगड पांढरेशुभ्र होते. घासूनपुसून लख्ख. एका दगडावर एवढंसं शेवाळ असेल तर शपथ.

‘‘डेलिया,’’ तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात शिबिर उरलं नव्हतं. ‘‘तुमच्या कुरणाशिवाय या वाटेला काही अर्थ नाही. मी मूर्ख आहे. पाया पडतो, येऊ द्या आम्हाला.’’

‘‘एवढा जीव काढतोयस तर या मेल्यांनो,’’ डेलिया म्हणाली आणि फाटक उघडलं. वर्षानुवर्षं कुरकुरणारं ते फाटक, आवाजसुद्धा न करता उघडलं. बिजागऱ्यांना नुकतंच तेल दिलं होतं.

स्वयंपाकघरात टेबलावर इस्त्री केलेली चादर, तीस कप, तीन ताटं स्कोन, जॅमच्या चार बरण्या. कुणी काही विचारायच्या आत ती फणकारली, ‘‘रविवारी मी नेहमीच एवढे करते.’’ मग किटली भरता भरता, पाठ करूनच म्हणाली, ‘‘मार्चपासून घासतेय मी ते दगड. दर शनिवारी. म्हटलं आज येईल विचारायला, उद्या येईल. गाढवासारखा बाण रंगवत बसला टेकडीवर.’’

‘‘माझं चुकलं,’’ मॅलकी म्हणाला. दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

‘‘चुकलंच. साखर किती, मॅलकी?’’

मिस्टर गेला होता. मॅलकीला साखर चालत नाही, पण त्याने तीन चमचे घेतले.

फिडेल्मा कीव्हनी एका पायात बूट आणि एका पायात डेलियाचा लोकरी मोजा घालून चुलीपाशी बसली होती. मॅलकी भीत भीत तिच्याकडे गेला. ‘‘बाई, फॉर्मवर नकार लिहिलाय मी. तो बदलायला किती दिवस लागतील?’’

‘‘नोंदवलेला नकार बदलायला? सहा महिने आणि दोन साक्षीदार,’’ ती म्हणाली. मग तिने तिसरा स्कोन उचलला. ‘‘पण तुम्ही कुठल्या फॉर्मबद्दल बोलताय? माझ्याकडे तर काहीच कागद नाहीत. नवीनच भरावा लागेल.’’

पाऊस ओसरल्यावर डेलियाने काठी घेतली आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. पायदगडांवरून मॅलकीने तिचा हात धरला, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे तिने त्याचा धरला होता. आणि मग तिने नावं सांगायला सुरुवात केली. काठीने पाण्याकडे दाखवायची आणि सांगायची. हा आळशाचा डोह, इथे मासा आपणहून जाळ्यात येतो. ह्या तीन बहिणी, पुरातसुद्धा एकीचं पाणी दुसरीत मिसळत नाही. हा मेव्हण्याचा. ‘‘मेव्हणा पडला होता का?’’ एका जर्मनाने विचारलं. ‘‘पडला असं सगळे म्हणतात,’’ डेलिया म्हणाली. मॅलकी नुसता लिहीत होता. पेन्सिल मोडली, अट्रॅक्टाने दुसरी दिली. त्याला एवढा आनंद झाला होता की अक्षर धड येत नव्हतं. एकेक बदक खोडलं जात होतं. डेलियाला दम लागला की सगळे थांबत, आणि थांबल्यावर तिला आणखी एखादं नाव आठवे.

गिरणीच्या अलीकडे एक वळण आहे. तसं काही विशेष नाही त्यात. वरती एक अल्डरचं झाड वाकलेलं, खाली शांत पाणी. डेलिया तिथे न बोलता पुढे जायला लागली.

‘‘आणि हा, डेलिया?’’

‘‘तो राहू दे.’’

मॅलकी आता शहाणा झाला होता. त्याने मान हलवली, गोड हसला आणि पुन्हा विचारलं, ‘‘सांगा ना. एवढा एकच उरलाय.’’

‘‘नाही.’’

तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण डेलिया चिखलाबद्दल काही बोलली नव्हती. शेवाळाबद्दल नाही, लोक काय म्हणतील हे नाही, आता आठवत नाही असंही नाही. ती काठीवर दोन्ही हात ठेवून त्या पाण्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा एकाएकी खूप तरुण दिसत होता. मॅलकीने अट्रॅक्टाकडे पाहिलं. अट्रॅक्टाचं कोपर हललं नाही.

त्याने पेन्सिल कानावर खोचली आणि डेलियाला हात दिला. गिरणीपर्यंत दोघं हवेबद्दल बोलत गेले.

नकाशा ऑक्टोबरात छापायला गेला. छापण्याआधी फिडेल्माचा फोन आला. काम सुंदर झालंय, बत्तीस नावं म्हणजे कमाल आहे, साहेब खूष आहेत, फक्त एक अडचण होती.

‘‘गिरणीजवळचं एक वळण कोरं राहिलंय, मिस्टर ड्रेनन. नाव लिहायचं विसरलात का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्याला नावच नाही?’’

‘‘आहे.’’

‘‘मग सांगा की, आत्ता घालून टाकते.’’

‘‘नाही,’’ मॅलकी म्हणाला.

पुढे काही कारण येईल म्हणून ती फोन कानाला लावून थांबली. पण फिडेल्मासुद्धा इथलीच, पलीकडच्या खोऱ्यातली. ‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.